तिसरीचा वर्ग आणि सहा चौकटी

"मुलांना लिहिता येत नाही, कारण तुम्ही त्यांना आयुष्यभर फळ्यावरचंच उतरवायला लावलंत!"

हे 'तुम्ही' म्हणजे कोण, ते मी अजून ठरवलेलं नाही. पण कान्हे गावाजवळच्या आमच्या शाळेत रुजू झाल्यापासून मी हे भिंतींनाही ऐकवलंय. शाळेतला खडू संपतो. माझ्या फजितीचे किस्से मात्र साठतच चाललेत.

माझा उपाय म्हणजे स्टोरीबोर्ड. कागदावर सहा चौकटी आखायच्या, प्रत्येकीत गोष्टीतला एक प्रसंग काढायचा, खाली एक वाक्य लिहायचं. मुख्याध्यापिका शेलारबाई म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत करा. तोवर गौरीने स्वतःचं एक वाक्य लिहिलं तर पुढे चालू. नाहीतर निमूट पाठ्यपुस्तक!"

गौरी चित्रं झकास काढायची. लिहायची वेळ आली की पेन्सिलीला टोक करत बसायची.

*

पहिल्या दिवशी नमुना म्हणून मी फळ्यावर वाघ काढला. वर्ग गंभीर झाला. शेवटी ओमने धीर दिला, "सर, म्हस लय भारी जमलीय!"

मी चित्रकलेची इंटरमिजिएट पास आहे, हे सांगायचं राहूनच गेलं.

*

ओम बैलगाडा शर्यतीचा भक्त. त्याने पहिल्या चौकटीत बैल काढले आणि उरलेल्या पाचांत नुसते फराटे. खाली पाचही ठिकाणी एकच शब्द : 'धुरळा'.

"अरे, बैल कुठे गेले?"

"बैल काय आपल्यासाठी थांबत्यात व्हय, सर?"

मी त्याला घटनाक्रम म्हणजे काय ते समजावलं. बराच वेळ. तो म्हणाला, "सर, येवढ्यात दुसरी गाडी सुटली आसती!"

*

पालकसभेत गौरीच्या आजोबांना तिची भातलावणीची चित्रं दाखवली. सगळे चिखलात वाकलेले, बांधावर एक जण तेवढा ताठ उभा.

"आबा, तो मी. लावणी बघायला आलो होतो ना!"

"व्हय, वळखलं की. खाचरात उतरला न्हाई, पन बोलायचाबी थांबला न्हाई!"

*

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा शनिवार, आणि नेमका माझा घसा पार बसला. मी मुकाट्याने कागद वाटले आणि खुर्चीत बसलो. गौरीने पेन्सिलीला टोक केलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा टोक केलं. "लिही ना गं!" म्हणायला गेलो, तर नुसती हवा आली.

शाळा सुटायच्या आत शेलारबाई आल्या. गौरीने कागद पुढे केला. पाच चौकटींत मी, तोंड उघडं. सहावीत मी, तोंड मिटलेलं. शेजारी ती, हातात पेन्सिल. खालचं वाकडंतिकडं वाक्य बाईंनी मोठ्याने वाचलं : 'आज सर गप हायत मंग मी लिवती.'

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सुट्टीनंतरच्या चौकटींसाठी कोरे कागद मोजायला घेतले.

खिचडीचं पातेलं घेऊन दारात थांबलेल्या मंदामावशी म्हणाल्या, "बाई, सरांना हळदीचं दूध कुनी देऊ नगा हां!"