एका ओळीत पुसलेलं नातं

“मॅडम, लेकीकडून नातीकडे जाते थे रेघ काढून टाका,” केनवडचे वसंतराव म्हणाले. त्यांची मुलगी प्रतिभा विधवा, नात अक्षरा तीन वर्षांची. प्रतिभाच्या दुसऱ्या लग्नासाठी प्रोफाइल आधीच टाकलं होतं, पण मूल दिसलं की समोरचे फोनच उचलत नव्हते. जमल्यावर सांगू, नात आमच्यापाशी राहील, असं त्यांचं म्हणणं.

वाशीमची आमची वधू-वर वेबसाइट ग्राफ डेटाबेसवर चालते; तो मी सांभाळते. साध्या डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत भरलेली असते. ग्राफमध्ये प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका आणि प्रत्येक नातं म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेले दोघे मंगरूळपीर येईपर्यंत एकमेकांचं नातं काढतातच. ग्राफ तेच करतो. मामेबहिणीच्या नणंदेचा दीर शोधायला तक्त्यांना घाम फुटतो; ग्राफ रेघा धरून चालत जातो. त्याला विचारलेल्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. या सोयीवरच आमचं दुकान चालतं. रेघा काही झाकत नाहीत, एवढीच अडचण.

मी चक्क नाही म्हटलं. वसंतराव आमच्या मालकांकडे, म्हणजे सरांकडे गेले. सर म्हणाले, अकाउंट त्यांच्या नंबरवर आहे, ओटीपी त्यांना जातो, आपण कोण लागून गेलो? मग प्रतिभाला तरी विचारा, असा मी हट्ट धरला. वसंतरावांनी तिथूनच फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“बाबा म्हनतात तसं करा,” ती म्हणाली.

रेघ पुसायची क्वेरी एका ओळीची असते. ती लिहिताना स्वतःचीच चीड आली.

पंधरवड्यात अनसिंगचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, बिजवर, घरचं बरं. बोलणी पुढे गेली आणि प्रतिभाने शेजारणीच्या मोबाईलवरून मला गाठलं.

“ताई, तवा फोनवर बाबा होते. पोरीले लपवून मले कुठीच जायचं नाही. थे रेघ परत टाका.”

परत जोडायलाही एकच ओळ लागते. सरांना न विचारता मी ती लिहिली. मनातून बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांनी अनसिंगच्या लोकांनी प्रोफाइल पुन्हा उघडलं. स्थळ मोडलं.

वसंतराव ऑफिसात आले. मी भांडायच्या तयारीनेच बसले होते. पण ते नुसते खुर्चीवर टेकले.

“तुमची रेघ खरी हाये, मॅडम,” ते म्हणाले. “पन मी गेल्यावर या दोघींले कोन पाहीन, थे दिसते काय तुमच्या मशीनीत?”

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी प्रोफाइल बंद करायला सांगितलं आणि ओटीपी वाचून दाखवला.

सरांनी मला झापलं आणि नियम बदलला. आता कोणतीही रेघ पुसायची असेल, तर तिच्या दोन्ही टोकांच्या माणसांना वेगवेगळं, एकटं गाठून विचारतो. टोकाला लहान मूल असेल, तर पुसतच नाही. नियम चांगला आहे. प्रतिभाला मात्र त्यानंतर एकही स्थळ आलेलं नाही.