अर्धवट आत्याची सही

रफूवाल्या बाईंना घरचे लोक अर्धवट म्हणतात, आणि पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर म्हणतात. सुरुवात केली थोरल्या भावाने. पुढे त्याच्या मुलींनी 'अर्धवट आत्या' म्हणून त्या नावाला रीतसर नात्यात बसवलं. भावाचं अगदीच चुकतं असंही नाही. बाईंनी गाण्याचा क्लास दोन वर्षांत सोडला, कॉलेज शेवटच्या वर्षाला सोडलं आणि लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना मोडलं. का मोडलं, याबद्दल तीन मतं आहेत. वहिनी म्हणते, मुलगा जेवताना फार बोलायचा. शेजारीण म्हणते, मुलाचा एक वेगळाच मामला होता, पण तो काय हे सांगताना ती नेमकी दार लावून घेते. भाऊ म्हणतो, कारणबिरण काही नाही, नुसता आडमुठेपणा. बाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "तेवढंच पुरे वाटलं."

त्यांच्या खोलीतली एक भिंत कमरेपर्यंत पिवळी आणि वर पांढरी आहे. रंग संपला नव्हता, डबा अजून माळ्यावर आहे. "इथवर छान दिसत होतं," हा खुलासा. गेली सव्वीस वर्षं भाऊ आला की आधी त्या भिंतीकडे बघतो आणि मग खुर्चीत बसतो.

गंमत म्हणजे ह्याच बाई दिवसभर लोकांची भोकं बुजवत असतात. जिन्याखालच्या दुकानात एक दिवा, एक भिंग आणि डबाभर सुया. सिगारेटने जळलेले कोट येतात, कसरीने खाल्लेले स्वेटर येतात, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी येतात. बाई कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे चार धागे काढून घेतात आणि भोकावर एकेक धागा उभा-आडवा विणतात. गिऱ्हाईक कोट उजेडात धरून भोक शोधत बसतं. बाई म्हणतात, "सापडलं तर परत या." आजवर कुणी परत आलेलं नाही.

त्यांचं प्रेम मात्र एकाच माणसावर, आणि तो कधी भेटला नाही. चाहते त्याला घोगऱ्या म्हणतात. एका गाजलेल्या रॉक बँडचा हा ड्रमर. बँडवर चिडून बाहेर पडला आणि एका मित्राला हाताशी धरून स्वतःच्या स्वयंपाकघरात एकट्याच्या नावाचा अल्बम काढला. तो इतका सपाटून पडला की दुकानदार त्याच्या तबकड्या कपाटाच्या डगमगत्या पायाखाली घालत. बाईंनी बाविसाव्या वर्षी तो घेतला आणि घरात लावला. भाऊ दारात येऊन म्हणाला, "हा गातोय की गुळण्या करतोय?" बाईंनी आवाज वाढवला. पुढची चाळीस वर्षं त्यांनी तो कमी केलेला नाही.

घोगऱ्या जाऊन दहा वर्षं झाल्यावर जगाला त्याची किंमत कळली. अल्बम नव्याने निघाला आणि सोबत दुसरी तबकडी, घरच्या टेपांवर सापडलेल्या सात तुकड्यांची. वेष्टणावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'अर्धवट गाणी'. बाई दुकानातच उभ्या उभ्या इतक्या हसल्या की समोरचा चांभार उठून विचारायला आला.

"तुझ्यासाठीच काढलेली दिसते," भाऊ म्हणाला.

"मग? कुणीतरी काढली एकदाची," बाई म्हणाल्या.

ती ऐकायला दर रविवारी चौघांचं मंडळ जमायचं. जागा दातांच्या डॉक्टरांची, कारण स्पीकर त्यांचे. रविवारी दवाखाना बंद. बाहेरच्या खोलीत निळ्या खुर्च्या, लवंगेच्या तेलाचा वास आणि टेबलावर प्लास्टरचा जबडा, वाटेल तसा उघडा. डॉक्टर मंडळाचे प्रमुख. त्यांना पोकळी दिसली की हात शिवशिवतात, हा धंद्याचा दोष. दुसरे त्यांचे जावई, संगणकावर आवाज दुरुस्त करण्यात वाकबगार आणि सासऱ्यांपुढे कायम खुर्चीच्या कडेवर बसणारे. तिसरे रिटायर ड्रायव्हर. आयुष्यभर इंजिनाशेजारी बसून त्यांचा एक कान गेलाय, म्हणून ते डावीकडच्या स्पीकरला असे खेटून बसतात की नव्या माणसाला वाटावं काहीतरी गुपित चाललंय. चौथ्या बाई.

मंडळाचा नियम एकच: मंडळाच्या नावाने बाहेर जाणाऱ्या कागदावर चौघांच्याही पूर्ण सह्या हव्यात. एकाचीही राहिली तर कागद रद्द. नियम डॉक्टरांचाच. एकदा ड्रायव्हरांनी मंडळाच्या नावाने पेपरात पत्र धाडलं होतं की घोगऱ्या सोडला तर तो सगळा बँड गाढवांचा होता. त्यानंतर हा बंदोबस्त.

सातांपैकी तिसरं गाणं सगळ्यांच्या काळजात बसलं. नुसती गिटार आणि तो खरखरीत आवाज. दोन कडवी होतात. तिसऱ्याला तो म्हणतो, "दार मी लोटलं, कडी नाही घातली," आणि थांबतो. खुर्ची करकरते. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा आवाज: "बास. एवढंच."

डॉक्टर ताडकन उठले. "ऐकलंत? बास! इथे नुसती बास गिटार हवी म्हणतोय! सूचना ठेवून गेलाय माणूस!"

त्या गिटारला बेस म्हणतात हे जगाला ठाऊक, पण डॉक्टर पहिल्यापासून बास म्हणतात. कुणी सुधारायला गेलं तर ते तोंड उघडा म्हणतील या भीतीने कुणी सुधारत नाही.

पाचव्या तुकड्याला ड्रायव्हर एकटेच खुदकन हसले. डाव्या स्पीकरमध्ये घोगऱ्या मित्राला झापत होता, इतक्या बारीक आवाजात की बाकी तिघांना पत्ताच नाही. "लय तापलाय गडी," ड्रायव्हर म्हणाले आणि पुन्हा स्पीकरला कान लावून बसले. बाईंनी नंतर घरी तो तुकडा पाच वेळा ऐकला आणि गप्प राहिल्या.

एवढ्यात तबकडी काढणाऱ्या कंपनीने आवाहन काढलं: चाहत्यांनी अर्धवट गाणी पुरी करून पाठवावीत, निवडलेलं गाणं पुढच्या आवृत्तीत जुन्याच्या जागी घालू. जुन्याच्या जागी! म्हणजे घोगऱ्याचं ते थांबणं तबकडीवरून कायमचं पुसलं जाणार. डॉक्टर हरखले. जावयांनी पंधरा दिवस खपून घोगऱ्याच्याच आवाजातून तिसरं कडवं उभं केलं, चौथं जोडलं, खाली घुमणारी बेस घातली. राहिल्या फक्त सह्या.

हे बाईंच्या भावाच्या कानावर गेलं. तो दुकानात आला, लोंबणारे कोट बाजूला सारून उभा राहिला. "अगं, आयुष्यात एकदा तरी काहीतरी पुरं कर. नाव छापून येईल तुझं."

"माझं नाव तू छापून ठेवलंयस की. अर्धवट."

"मी काय वाईटावर आहे का तुझ्या?"

"नाही रे दादा. पण मुलगा काय वाईट होता, कॉलेज काय वाईट होतं, हेच बोलत आलास. मी म्हणत होते मला पुरे झालं. ते तुला कधी ऐकूच आलं नाही."

भावाने इकडेतिकडे बघितलं. इथे ती पिवळी-पांढरी भिंत नव्हती, नाहीतर तिच्यावर बोलला असता. तो नुसताच गेला.

रविवारी डॉक्टरांनी पेढीवर बसल्यासारखा थाट केला. मध्ये कागद, त्यावर पेन, शेजारी जबडा. तिघांच्या सह्या आधीच झालेल्या. ड्रायव्हरांनी अर्ज समोर आला की सही करायची ही नोकरीतली सवय पाळली होती.

"ताई," डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासारखी नजर कुणाची नाही. जोड कुठे आहे दाखवा. दाखवलात तर कागद फाडतो. नाही सापडला तर सही."

गाणं लागलं. बाईंनी डोळे मिटले. 'कडी नाही घातली' आलं आणि गाणं न थांबता पुढे सरकलं, घोगऱ्याच गातोय असं, त्याच खरखरीसकट. चौथं कडवं संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"सापडला?"

"नाही," बाई म्हणाल्या. "फार सुंदर काम. जावईबापू, तुम्ही माझ्याकडे या, उद्यापासून कोट देते."

जावई प्रथमच खुर्चीत पूर्ण बसले. डॉक्टरांनी टाळी वाजवली आणि पेन पुढे केलं.

"थांबा. धागा तुम्ही त्याच कोटाचा काढलात, मान्य. पण भोक कुठे होतं?"

"म्हणजे?"

"भोक नव्हतंच. ती बंडी होती, डॉक्टर. तुम्ही तिला बाह्या लावल्यात."

"अहो, तो स्वतः म्हणतोय, बास हवी!"

"पाचवा तुकडा लावा. ड्रायव्हरसाहेबांचा स्पीकर मोठा करा आणि दुसरा बंद."

तुकडा लागला. गिटारच्या मागून घोगऱ्याचा वैतागलेला आवाज आला, आता चौघांनाही स्वच्छ: "अरे बेस कमी कर! किती वेळा सांगू, बेस कमी!"

ड्रायव्हर म्हणाले, "हे मी तेव्हाच ऐकलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?" डॉक्टर ओरडले.

"तुम्ही बास म्हणता, तो बेस म्हणतो. मला वाटलं दोन वेगळ्या गिटारी असतील."

जावयांना हसू आवरेना, म्हणून ते टेबलावरचा जबडा बंद करू लागले.

"त्याला बेस हवी असती तर तो बेस म्हणाला असता," बाई म्हणाल्या. "तो बास म्हणाला. पुरे म्हणाला. दार लोटलं, कडी घातली नाही, आणि उठला. तुम्ही मागून जाऊन कडी घातलीत."

डॉक्टर चिडले, आणि चिडले की त्यांचं बोलणं घसरतं. "ताई, हरलात तुम्ही. जोड सापडला नाही. शब्द तो शब्द. आणि राग नका मानू, पण तुमच्या घरचे म्हणतात ते उगाच नाही. तुम्हाला काही पुरं करवतच नाही."

ड्रायव्हरांनी चांगला कान त्यांच्याकडून फिरवला. जावई सासऱ्यांकडे बघायचं टाळत होते. बाईंचा चेहरा मात्र जळका कोट समोर आल्यासारखा शांत होता.

"सही करायची ना? द्या."

डॉक्टरांचा विश्वास बसेना. बाईंनी कागद सरळ केला, चष्मा पुसला आणि आपलं नाव वळणदार अक्षरात लिहायला घेतलं. पहिली अक्षरं आली, मधलं एक आलं. तिथे पेन थांबलं. बाईंनी टोपण लावलं आणि कागद फिरवून डॉक्टरांपुढे सरकवला.

"अहो, ही अर्धीच आहे!"

"बास," बाई म्हणाल्या. "एवढंच."

डॉक्टरांनी कागद उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. नियम त्यांचाच होता.

ड्रायव्हर डाव्या स्पीकरवर हात ठेवून पुढे वाकले आणि अत्यंत आदराने म्हणाले, "डॉक्टर, ह्यांना विचारून घ्या, हा बास कुठला? गिटारचा का?"