मालनताईंची पहिली गाडी

मालनताई नव्या विद्यार्थिनीला पहिल्या दिवशी गाडी चालवायला देत नसत. ढकलायला लावत. सकाळी सहा वाजता बोरिवलीच्या बाजारामागच्या गल्लीत मी केस घट्ट बांधून, वहीत क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर असं क्रमाने लिहून हजर झाले होते. मालनताईंनी वही मागच्या सीटवर टाकली, स्वतः स्टिअरिंगवर बसल्या, गाडी न्यूट्रलला टाकली आणि खिडकीतून हात काढून मागे बोट दाखवलं.

"जा मागे. दोन्ही हात डिकीवर ठेव आणि ढकल."

मला वाटलं, बॅटरी गेली असेल. वीस पावलं ढकलल्यावर माझा श्वास फुलला, चप्पल निसटली आणि दूधवाला उभा राहून बघायला लागला. मालनताई उतरल्या. "कळलं किती जड आहे? हे वजन तू रस्त्यावर फिरवणार आहेस. माणसं असतात तिथे. आता बस पुढे."

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, आता अठ्ठेचाळीसची आहे. मधल्या काळात मी अंधेरीच्या ऑफिसात प्रशासन बघायला लागले, दोन मुलं मोठी केली, आणि माझ्या याद्या वहीतून कॉम्प्युटरवर गेल्या. मालनताई मात्र त्याच गल्लीत, त्याच ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, डावीकडच्या सीटवर होत्या. पायाखाली शिकवणाऱ्याचा जादा क्लच आणि ब्रेक, केसात अबोलीचा गजरा, मांडीवर रुमाल. स्कूल दुसऱ्याची, गाडी दुसऱ्याची, त्या पगारावर. बोरिवली-कांदिवलीतल्या किती बायका त्यांच्या हाताखालून गेल्या, याची नोंद त्यांनी ठेवली नाही. मी ठेवली असती.

त्यांच्या शिकवण्यात पुस्तकी काही नव्हतं. "गाडी डोक्याने नाही, बुडाने चालवायची. गाडी घसरली की आधी बुडाला कळतं." कोणी थरथरायला लागलं की म्हणत, "घाबर, बिनधास्त घाबर. पण ब्रेकवर पाय ठेवून घाबर." काजूपाड्याच्या चढणीवर माझी गाडी पाच वेळा बंद पडली आणि मी रडायला लागले, तेव्हा त्यांनी रुमाल पुढे केला. "डोळे पूस, पण डावा पाय उचलू नकोस." अशा बाईशी नातं जुळणारच. लायसन्स मिळालं तरी मी त्यांच्याकडे जात राहिले.

मागच्या जूनमध्ये त्या माझ्या घरी आल्या. नुकत्याच कामातून निवृत्त झालेल्या, वय सहासष्ट. त्यांची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली होती, बिल्डरकडून थोडी रक्कम हातात आली होती, आणि त्या भाड्याच्या खोलीत राहत होत्या. चहा अर्धा झाल्यावर म्हणाल्या, "नीलम, मला गाडी घ्यायची आहे. नवी कोरी. टर्बो पाहिजे आणि चारही चाकं ओढणारी पाहिजे. पाच माणसांची, फॅमिलीची."

मालनताईंनी लग्न केलेलं नव्हतं. माझा चेहरा ते बोलला असणार.

"अक्का नाही का माझी फॅमिली?"

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, भांडुपला मुलाकडे राहणारी, वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. दोघींचं माहेरचं घर कणकवलीच्या बाजूला, वाडीच्या वरच्या अंगाला. डांबरी रस्ता खाली संपतो; वर घरापर्यंत लाल मातीची खडी चढण. सहा वर्षांपूर्वी गणपतीला ठरवलेली भाड्याची जीप त्या चढणीवर घसरली. ड्रायव्हर म्हणाला, वजन कमी करा, म्हातारीला उतरवा. अक्का उतरल्या. अख्खी वाडी बघत असताना चिखलात तीन वेळा बसत, उठत, दोन भाच्यांच्या खांद्यांवर लटकून वर गेल्या. तेव्हापासून गावचं नाव काढलं की त्या सांगत, घर आता मोबाइलमध्येच बघायचं.

"गणपतीला मला तिला अंगणात उतरवायची आहे," मालनताई म्हणाल्या. "खाली नाही. अंगणात."

मी कामाला लागले. आठवड्याभरात तक्ता तयार. किंमत, मायलेज, पार्किंगची जागा, सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब, सुटे भाग, विमा, एकट्या बाईला झेपेल असा आकार. एकूण बावीस मुद्दे, प्रत्येकाला दहापैकी गुण. पहिली आली एक छोटी ऑटोमॅटिक गाडी. टर्बोवाली मोठी गाडी सहावी. तळाशी मी एक व्यवहारी टीपही लिहिली होती: चढणीपुरती गावातली दणकट जीप सांगावी.

मालनताईंनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मध्ये दोनदा मान डोलावली.

"यादी झकास आहे," त्या म्हणाल्या. "फक्त यात अक्का कुठे बसलीय?"

"ताई, वर्षातून एकदा जायचं त्या चढणीवर. त्यासाठी एवढी गाडी?"

"एकदाच उतरवलं होतं तिला. सहा वर्षं झाली, अजून बोलते." त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "तू हुशार आहेस गं. पण तू गाडी बोरिवलीसाठी शोधलीस."

शनिवारी आम्ही हायवेलगतच्या शोरूममध्ये गेलो. सेल्समन टाय लावलेला, तिशीतला, बोलायला गोड. त्याने आमच्या मागे दाराकडे पाहिलं. "सर पार्किंग करतायत का?"

"सर नाहीत," मालनताई म्हणाल्या. "गाडीला सर लागतो का? ऑप्शनमध्ये आहे का तसं काही?"

तो हसला आणि टर्बोचा कागद काढून वाचायला लागला. मालनताईंनी त्याला थांबवून मलाच समजावलं. "चढावर भरलेल्या गाडीला धाप लागते. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात जास्तीची हवा कोंबायची, म्हणजे धाप लागत नाही. आणि साध्या गाडीत दोन चाकं ओढतात, बाकीची दोन लग्नातल्या पाहुण्यांसारखी नुसती बरोबर येतात. हिच्यात गरज पडली की पाहुण्यांनाही कामाला लावतात. बरोबर ना रे?"

"एकदम करेक्ट, मॅडम."

"मग आता न्यूट्रलला टाक आणि ढकल."

सेल्समनने माझ्याकडे पाहिलं. मी पर्स खांद्यावर नीट अडकवली. पुढचं मला माहीत होतं. शोरूमच्या मागच्या आवारात मी आणि तो टायवाला, दोघांनी ती चकचकीत गाडी दहा पावलं ढकलली. त्याचं कपाळ घामाने भरलं. मालनताई आत बसून मान डोलावत होत्या. "जड आहे. चिखलात पाय रोवेल नीट."

मग टेस्ट ड्राइव्ह. मालनताई उतरल्या आणि सवयीने डाव्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. सेल्समनला वाटलं, गाडी मी चालवणार. त्याने चावी माझ्या हातात दिली आणि तो मागे बसला. मालनताईंनीही डाव्या सीटवर बसून पट्टा लावला. आम्ही निघालो. सिग्नल सुटल्यावर एक बाइकवाला उजवीकडून आडवा घुसला. मी ब्रेक मारलाच, पण माझ्या आधी डावीकडे धप् असा आवाज झाला. मालनताईंनी दोन्ही पाय मॅटवर आपटले होते. खाली काहीच नव्हतं.

त्यांचा चेहरा उतरला. तो चेहरा मी आधी कधीच पाहिला नव्हता. काजूपाड्यात लॉरीसमोर कोणी गाडी बंद पाडली तरी त्या गजरा चाचपत बसायच्या.

"नीलम, बाजूला घे."

मी घेतली. त्या मॅटकडे बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या गाडीत ब्रेकवर पाय ठेवून बसले गं. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये. चौथा मी किती वेळा टाकला असेल, सांग?"

मागून सेल्समन हळूच म्हणाला, "मॅडम, ही ऑटोमॅटिक आहे. गिअर टाकायचेच नाहीत."

"तू गप रे," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

त्या उतरल्या, गाडीला पुढून वळसा घालून आल्या आणि मला डावीकडे पाठवलं. सीट पुढे घेतली, तिन्ही आरसे लावले. डावा पाय क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला. गाडीने असा हिसका दिला की मागच्याचा मोबाइल पुढे आला. "हा पाय रिटायर," असं म्हणून त्यांनी तो सीटखाली ओढून घेतला आणि शोरूमला परत येईपर्यंत बाहेर काढला नाही. शोरूमचा ठरलेला रस्ता त्यांनी कधीच सोडला होता. गाडी काजूपाड्याच्या चढणीला लागली. तिथे टॉवरचं काम चालू होतं, डंपरने सांडलेल्या मातीचा पावसाने राडा झाला होता. मालनताई बरोबर त्या राड्यात, चढणीच्या मध्यावर थांबल्या. सेल्समन पुटपुटला, "मॅडम, इथे नको ना."

त्यांनी पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर नेला. चाकं क्षणभर फिरली, खालून काहीतरी बदलल्यासारखं वाटलं, आणि गाडी शांतपणे वर गेली. मालनताई हसल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "बुडाला कळलं."

माझ्या तक्त्याला मी त्या रात्री एक रकाना जोडला. अक्का. आणि मग मला सुचलं, की गाडी एवढी उंच, अक्का चढणार कशा? दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन भांडुपला गेले. अक्का पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मी पलंगाची उंची मोजली, पाटावर पाय ठेवायला लावून पाऊल किती वर उचलतं ते मोजलं.

"माका मोजतंस कित्याक गो?" अक्का म्हणाल्या. "पेटयेत घालतलंस काय?"

"गाडीत घालायचंय, अक्का."

"मी नाय येवचंय. मालनीक सांग, गाडी घे नायतर इमान घे."

मी मापं लिहून घेतली. पाऊल सात इंचांच्या वर जात नव्हतं. मालनताईंनी गाडी बुक करताना बाजूला रुंद पायरी बसवून घेतली आणि तिच्याखाली ठेवायला मी सुताराकडून सहा इंचांचा पाट करून घेतला. या सगळ्या खरेदीत माझा खरा हातभार एवढाच.

गणपतीला मी त्यांच्याबरोबर गेले. अक्कांना त्यांच्या मुलाने अक्षरशः धरून गाडीत बसवलं होतं. पनवेलपर्यंत त्या रुसून बसल्या, महाडनंतर झोपल्या, आणि कणकवली आल्यावर नदीत पाणी किती आहे ते बघायला खिडकीला चिकटल्या. डांबर संपलं तिथे वाडीतली चार-पाच माणसं छत्र्या घेऊन उभी होती. वरून मातीचं पाणी वाहत होतं. एक जण ओरडला, "थंयच थांबवा! वर जावचा नाय!"

अक्कांचा हात दाराकडे गेला. कोणी सांगायच्या आधीच. "मी उतरतंय गो. गाडी हलकी करा."

दार उघडेना. मालनताईंनी निघतानाच मागच्या दारांना लहान मुलांसाठी असतं ते लॉक लावून ठेवलं होतं.

"अक्का, हात मांडयेर ठेव," आरशात बघत त्या म्हणाल्या. "कोण उतरूचा नाय."

अक्कांनी माझं मनगट धरलं. गाडी वर निघाली. मध्यावर एकदा मागचा भाग डावीकडे सरकला, अक्कांची नखं माझ्या हातात रुतली, मागोमाग चढणारे छत्रीवाले बाजूला पळाले. मालनताईंनी वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. मग समोर तुळशीवृंदावन आलं आणि गाडी अंगणात उभी राहिली.

लॉक काढलं, पाट ठेवला, तरी अक्का उतरेनात. काचेतून घराकडे बघत बसल्या. ओटी, पडवी, कौलांवरचं शेवाळ. शेवटी गणपतीसाठी आलेल्या भावजयीने चहा गाडीतच आणून दिला. अक्कांनी तो बशीत ओतून, फुंकर घालून, निवांत प्याला.

"मालनी," त्या म्हणाल्या, "माका आता हयसून खाली नेव नको."

हे बोलणं त्यांनी खरं केलं. गणपती गेले, दिवाळी गेली, अक्का गावातच राहिल्या. आणि त्यांच्याजवळ कोणीतरी हवं म्हणून मालनताईंनी फेब्रुवारीत बोरिवलीची खोली सोडायचं ठरवलं. माझ्याकडे सामानाची यादी तयार होती. त्यांनी ती वाचली आणि निम्म्या वस्तू खोडल्या.

निघायच्या सकाळी त्या निरोप घ्यायला आमच्या इमारतीत आल्या, मी खाली उतरले. मला खूप काही बोलायचं होतं. बोलले ते एवढंच, की टायरमधली हवा बघा आणि कोलाडला नाश्ता करा. "हो गं बाई," त्या म्हणाल्या आणि माझ्या गालाला हात लावला. गाडी आमच्या गेटमधून बाहेर पडली आणि पंचवीस पावलांवर थांबली.

पुढे ड्रायव्हिंग स्कूलची एक छोटी गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली होती. चालवणारी बाई माझ्याएवढीच असेल; तिचा कपाळाला लागलेला हात मला इथून दिसत होता. मागे रिक्षा साचल्या, एक बस आली, हॉर्न सुरू झाले. मालनताईंची टर्बो, चारही चाकं ओढणारी, नवी गाडी त्या छोट्या गाडीच्या मागे आडोशासारखी उभी होती. त्यांनी दोन्ही बाजूचे दिवे लुकलुकते ठेवले आणि खिडकीतून हात बाहेर काढून मागच्या सगळ्यांना तळवा दाखवला.

छोटी गाडी तीन हिसके देऊन सुरू झाली आणि नाक्यावर डावीकडे वळली. हायवेला जायचा रस्ता उजवीकडे होता. मालनताई दिवे तसेच लुकलुकते ठेवून तिच्या मागोमाग डावीकडे वळल्या.