गाळलेल्या सहा ओळी

वर्षातून चार-पाच वेळा मला अजूनही फोन येतो. कुणाच्या तरी ओळखीचं कुणी नागपूरला येणार असतं, हाताशी अर्धा दिवस असतो, आणि काय घ्यावं, कुठं घ्यावं हे त्यांना विचारायचं असतं. मी सांगतो. करवतकाठी साडी घ्यायची तर इतवारीत, सकाळी दुकानं उघडताना जा. दुपारनंतर गर्दीत कुणी नीट उलगडून दाखवत नाही. मसाले तिथंच मागच्या गल्लीत. पोरांचे कपडे बर्डीवर, पण तिथं ठरलेल्या किमतीवर विश्वास ठेवू नका. दिवाळीच्या सुमाराला आलात तर आंबिया बहाराचा संत्रा मिळेल, पण खरा गोड मृगाचा, तो फेब्रुवारी-मार्चात. संत्रा बर्फी घ्या, मात्र रंग फार भडक दिसला तर पुढच्या दुकानात जा.

फोन ठेवला की दर वेळी तेच आठवतं. मग मी उठतो, झाडांना पाणी घालतो, रद्दी नीट लावतो. आठ वर्षं मी ही गोष्ट सांगायची टाळत आलो. बायको होती तोवर तिलाही सांगितली नाही. आता ती नाही, माझीही पंचाहत्तरी उलटली आहे. म्हणून लिहून ठेवतो.

मी शाळेत मास्तर होतो. निवृत्तीनंतर एका स्थानिक वर्तमानपत्राच्या पुरवणीत बाजारावर लिहू लागलो. ते लोकांना आवडलं. पुढं शहरातल्या काही लॉजवाल्यांनी एकत्र येऊन ठरवलं, की प्रत्येक खोलीत पाहुण्यांसाठी खरेदीची एक छोटी पुस्तिका ठेवायची. काम माझ्याकडं आलं. मेट्रोचे खांब तेव्हा उभे राहत होते, अर्धे रस्ते खोदलेले होते, आणि मी रोज संध्याकाळी वही घेऊन दुकानं हिंडत होतो. मला माझं फार कौतुक वाटत होतं.

पुस्तिका ज्या छापखान्यात व्हायची होती तिथं संगणकावर पानं लावणारा माणूस माझा जुना मित्र होता. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. शाळेच्या वार्षिक अंकापासूनची ओळख. मला तो भाऊ म्हणायचा. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढायचा आणि वर म्हणायचा, "मास्तर असून असं लिहिता, तर पोट्ट्यांनी काय शिकलं असन?"

सगळी दुकानं लिहून झाली, तेव्हा यादी वाचून तो म्हणाला, "भाऊ, एक दुकान राहिलं ना पण."

"कोणतं?"

"चाला, दाखवतो."

त्यानं मला स्कूटरवर बसवून दीक्षाभूमीच्या रस्त्याला नेलं. तिथं फुटपाथला लागून त्याच्या वडिलांची पत्र्याची टपरी होती. पुस्तकं, फक्त पुस्तकं. वडील ऐंशीच्या पुढचे, नरखेडकडचे, गिरणीत आयुष्य गेलेलं. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी ही टपरी टाकली. सगळे त्यांना बाबाजी म्हणत. त्यांनी मला जयभीम केला. मी नमस्कार म्हणालो.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी या शहरात जन्मलो, इथंच म्हातारा झालो, आणि दसऱ्याच्या दिवसांत, जेव्हा बाहेरगावचे लाखो लोक तिथं येतात, तेव्हा त्या रस्त्यावर मी एकदाही गेलो नव्हतो. आमच्या घरी म्हणायचे, तिकडं गर्दी आहे, दोन दिवस जाऊ नका. ते लोक तिथं काय करतात, काय घेऊन परत जातात, हे कधी मनातही आलं नाही. खरेदीवर शंभर लेख लिहिणाऱ्या माणसाच्या मनात आलं नाही.

आम्ही तिथं असतानाच वाशीमकडची एक म्हातारी आली. नातीसाठी पुस्तक हवं होतं. बाबाजींनी एक काढलं, स्टुलावर तिला बसवलं आणि पहिलं पान मोठ्यानं वाचायला लागले. ती पदर सावरून ऐकत होती. पान संपलं तशी म्हणाली, "याच्यात तं अजून काहीच झालं नाही बा. पुढचं वाच."

"पुढचं नात वाचून दाखवन," बाबाजी म्हणाले. "मीच सगळं वाचलं तं तिच्यासाठी काय उरन वं?"

म्हातारी हसली. "चालाख हायेस," म्हणाली, आणि पुस्तक घेऊन गेली.

मी विचारलं, प्रत्येकाला असं वाचून दाखवता?

"ज्याले वाचता येत नाही त्याले," ते म्हणाले. "लुगडं घेते तं उकलून पाहते ना माणूस? मंग पुस्तक काहून न पाहता घ्यावं? वाचून दाखवल्याबिगर मी देतच नाही."

घरी आलो आणि एका बैठकीत त्या टपरीवर सहा ओळी लिहिल्या. बाहेरून नागपुरात येणाऱ्या माणसांपैकी कितीतरी जण इथून साडी नेत नाहीत, संत्रा नेत नाहीत, पुस्तक नेतात, हे त्यात होतं. पहिलं पान वाचून दाखवणारे म्हातारे गृहस्थ होते. आजवर जे काही लिहिलं त्यात तेवढंच बरं होतं असं मला आज वाटतं.

मित्रानं त्या ओळी वडिलांना वाचून दाखवल्या. आठ दिवसांनी कळलं की बाबाजींनी टपरीची पाटी नव्यानं रंगवून घेतली, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. लॉजमधले पाहुणे हातात पुस्तिका घेऊन येतील, त्यांना दुकान सापडलं पाहिजे. बसायला आणखी एक स्टूल आणलं. मित्र मला सांगून हसत होता, "रोज फडक्यानं पुसून राहिले पाटी. म्या म्हटलं, रंग जाईन बाबा."

कच्चा मसुदा मी लॉजवाल्यांच्या सचिवांना दाखवला. त्यांनी तो माझ्यासमोर पूर्ण वाचला. म्हणाले, छान आहे, संत्र्याचा फोटो जरा मोठा घ्या. बाकी काही नाही. त्या सहा ओळींवर ते थांबलेसुद्धा नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं जे झालं त्यात त्यांचा काहीही संबंध नव्हता.

त्या संध्याकाळी मी मसुदा घेऊन टेबलाशी बसलो. लॉजच्या खोलीत पलंगावर बसलेला एक पाहुणा डोळ्यांसमोर आला. तो पानं उलटत होता. साडी, बर्फी, मसाले, आणि मग त्या सहा ओळी. त्याच्या कपाळावर आठी पडली. तो म्हणाला, सहलीच्या पुस्तिकेत हे कशाला? मी त्याला नीट न्याहाळलं, तर तो माझ्यासारखाच दिसत होता. माझ्या भावांसारखा, मी ज्यांच्यात वाढलो त्या सगळ्यांसारखा. मी पेन घेतलं आणि त्या ओळींवर काट मारली. त्या जागी लोणची-पापडांचं एक दुकान लिहिलं. ते दुकान मी नीट पाहिलंही नव्हतं.

दोन दिवसांनी पानं लावताना मित्राच्या लक्षात आलं. त्यानं फोन केला.

"भाऊ, बाबाचं दुकान कुठं गेलं?"

खरं सांगायला एक क्षण मिळाला होता. मी म्हणालो, "त्या लोकांनी काढायला लावलं रे. मी सांगून पाहिलं."

तो म्हणाला, "काहून? आमचे पुस्तकं चालत नाहीत का त्याईले?"

मी म्हणालो, "जाऊ दे. पुढच्या आवृत्तीत पाहू."

तो जाऊ देणारा माणूस नव्हता, हे मला ठाऊक असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तो सरळ सचिवांच्या ऑफिसात गेला आणि चार माणसांसमोर त्यांना जाब विचारला. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते भडकले. त्यांनी छापखान्याच्या मालकाला बोलावलं, मालकानं मला. छापखान्याच्या त्या कोंदट खोलीत आम्ही चौघं होतो. सचिव खुर्चीवर, मालक टेबलाला टेकून, मित्र दारात उभा. तो उभा का राहिला कळलं नाही, खुर्ची रिकामी होती.

मालकानं विचारलं, "सर, हे काढायला कोणी सांगितलं तुमाले?"

सचिव माझ्याकडं पाहत होते. मित्रही पाहत होता, पण निश्चिंतपणे. मी त्याच्या बाजूनं बोलणार याची त्याला खात्री होती.

मी म्हणालो, "काहीतरी गैरसमज झालेला दिसतो त्याचा."

बस, एवढंच. सांगण्यासारखं मी दुसरं काही बोललो नाही. सचिव म्हणाले, पाहा, आणि उठले. मालक मित्राला म्हणाला, सोमवारपासून येऊ नको. एकवीस वर्षं तो त्या छापखान्यात होता. त्यानं वाद घातला नाही. खणातली आपली पट्टी, चष्म्याची डबी आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली.

जिन्यात त्यानं मला गाठलं. आवाज चढलेला नव्हता.

"सर," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "पानात जागा नव्हती, एवढंच सांगा लागत होतं तुमी. म्या मानलं असतं."

मी जिना उतरून घरी आलो. जेवलो. झोपलोही.

पुस्तिका छापून झाली. लॉजच्या खोल्यांत गेली. लोकांनी कौतुक केलं, एका कार्यक्रमात शाल मिळाली. ती अजून कपाटात आहे.

महिनाभरानं मी लक्ष्मीनगरकडून पायी येत होतो. बाबाजी समोरून आले, हातात भाजीची पिशवी. त्यांना चुकवायला रस्ता नव्हता. मला वाटलं, आता हे विचारतील, मुलाची नोकरी का घालवली. त्यांनी जयभीम केला आणि विचारलं, "मास्तर, निघालं का आपलं पुस्तक?"

मित्रानं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. काम सोडल्याचंही दुसरंच कारण सांगितलं असावं. म्हाताऱ्याचं मन राखायला त्यानं ते सगळं गिळलं होतं.

मी म्हणालो, "अजून नाही, बाबाजी. वेळ लागतोय."

"लागू द्या," ते म्हणाले. "पाटी तयार आहे. पाहुणे आले तं हिंदीतलं बी पहिलं पान वाचून दाखवीन. सराव करून राहिलो."

त्या हिवाळ्यात ते गेले. तोवर ते टपरीत बसून, नवं स्टूल पुसून, पुस्तिका घेऊन येणाऱ्या माणसाची वाट पाहत राहिले असणार. बातमी मला तिसऱ्या दिवशी कळली. मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जायचं हे कारण मी स्वतःला दिलं, आणि ते कारण मला सोयीचं होतं.

पुढं मित्र टपरी चालवतो असं कानावर आलं. त्या बाजूनं जायचं मी टाळत राहिलो. बायको गेल्यावर एक दिवस धीर केला. रिक्षातून उतरलो तेव्हा वाक्य तयार होतं. पाटी तीच होती, तीन भाषांमधली, रंग थोडा उडालेला. तो आत बसला होता, केस पूर्ण पांढरे झालेले. त्यानं मला ओळखलं.

"बोला सर. कोणतं पुस्तक पाहिजे?"

गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं. राग नव्हता. राग असता तर मी बोललो असतो असं मला वाटतं, पण तेही खरं नसेल. मी समोरचं एक पुस्तक दाखवलं. बाबाजी वाचून दाखवायचे, असं काहीतरी पुटपुटलो.

"अजून दाखवतो ना," तो म्हणाला. "पण तुमाले तं वाचता येते."

त्यानं पुस्तक पिशवीत घातलं. मागं एक माणूस लहान मुलीला घेऊन उभा होता. मित्रानं त्यांच्यासाठी स्टूल पुढं ओढलं, तसा मी बाजूला झालो. पाठमोरा चालत असताना त्याचा वाचण्याचा आवाज ऐकू येत होता. पहिलं पान संपेपर्यंत मी कोपऱ्यावर थांबलो, आणि मग रिक्षा केली.

ते पुस्तक मी उघडलेलं नाही.

गेल्या वर्षी पुन्हा गेलो. फुटपाथ मोकळा केलेला होता. टपरीच्या जागी फरशी बसवली होती, नवी, एकसारखी. शेजारी चहावाला होता, त्याला विचारलं. म्हणाला, "गेले ते काका. पोरीकडे गेले म्हणते, चंद्रपूरकडे कुठं तरी. नंबर नाही माह्याकडे." मी चहा घेतला आणि त्या फरशीकडं पाहत राहिलो. पाटीचं काय झालं असेल हे विचारायचं राहून गेलं.

आता तो कुठं आहे मला माहीत नाही, आणि शोधून काढण्याइतकं बळही राहिलेलं नाही. त्या दिवशी रिक्षात जे वाक्य तयार होतं, ते इथं लिहितो. ते त्याच्यापर्यंत जाणार नाही हे ठाऊक आहे.

त्या सहा ओळी मीच काढल्या गा. मले कोणीच सांगितलं नव्हतं. छापखान्यात तू खरं बोलून राहिला होता अन् मी तुले खोटं पाडलं. तुझ्या बापाले मी वाट पाहत ठेवलं. मले माफ कर.