पुण्याच्या पत्राला उत्तर

सेतू,

तू होतास तेव्हाही तुला देवनागरी वाचता येत नव्हती, आता तर प्रश्नच मिटला. म्हणून मोकळेपणानं लिहिते. मध्ये मध्ये "अक्का, असं नव्हतं ते" म्हणून बोट वर करायला तू नाहीस, हे एक बरं आहे. फारसं बरं नाही, पण आहे.

तुझी ओळख करून द्यायची तर सेतुमाधव राव, तंजावर, राजवाड्यामागची गल्ली, टायपिंग इन्स्टिट्यूट. सात इंग्रजी मशीनं, दोन तामिळ, मराठी एकही नाही. गावातल्या निम्म्या पोरांनी लोअर आणि हायरच्या परीक्षा तुझ्याकडे शिकून दिल्या आणि उरलेल्या निम्म्यांचे अर्ज तू भरलेस. कारकुनीचे, बँकेचे, पासपोर्टचे. एक्क्याण्णवनंतर वारं फिरलं. जो तो इंजिनियर व्हायला निघाला, जिल्ह्याजिल्ह्यात कॉलेजं उघडली, आणि जून महिन्यात तुझ्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या त्या ओट्यावर, आईबापांची रांग लागायला लागली. तू चष्मा कपाळावर ढकलायचास आणि विचारायचास, "जन्मतारीख शाळेतली सांगता की खरी?" तुझ्या हातचा अर्ज कुठल्या ऑफिसातून परत आला असं मी कधी ऐकलं नाही.

अडायचाच होता तर तुझ्या स्वतःच्या पोरीचा.

हरिता सत्त्याण्णव साली बारावी झाली. गणितात दोनशेपैकी एकशे सत्त्याण्णव. ते तीन कुठे गेले हे मी तिला अजून विचारते, कारण गणित तिला मी शिकवलं होतं. मार्क पाहता आपल्या राज्यात तिला सरकारी कॉलेज मिळणार हे मी बोटांवर मोजून सांगितलं. तू मान डोलावलीस आणि गुपचूप पुण्याच्या एका कॉलेजचा अर्ज मागवलास.

का, ते मला माहीत होतं. मद्रासच्या पलीकडे तू कधी गेला नाहीस, पण पुण्याचं नाव निघालं की खुर्चीत सरळ बसायचास. आणि दुसरं म्हणजे हरिता. तू मराठीत हाक मारलीस की ती तामिळमध्ये ओ द्यायची. तिची आई, राजम, मराठीत रागावली की ही तामिळमध्ये उलट बोलायची. एकदा मशीनवर तेल घालता घालता तू म्हणालास, "अक्का, हिच्यानंतर ह्या घरात आपली भाषा बोलायला मशीनंच राहतील. त्यांनाही येत नाही." चार वर्षं पुण्यात राहिली तर पोर मराठी होऊन परत येईल, असा तुझा हिशेब.

त्या इंग्रजी अर्जात एक रकाना होता, मूळ राज्य कोणतं. दुसऱ्याचा अर्ज असता तर तू एका सेकंदात तामिळनाडू टाइप केलं असतंस. पोरीच्या अर्जावर तू महाराष्ट्र टाइप केलंस. आपले पूर्वज तिकडून तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून आले म्हणून. मी नंतर विचारलं तर म्हणालास, खोटं कोठे लिहिलं? तिथल्या कारकुनाला तुझे घोडे दिसणार होते का, सेतू?

मग जुलैत एका सोमवारी पत्र आलं. मराठीत.

कोणीही शहाणा माणूस पत्र आलं की वाचून घेतो. मी चार दारं सोडून राहते. कॉलेजात संस्कृत होतं म्हणून देवनागरी वाचणारी गल्लीत मी एकटी. पण तू पत्राच्या डोक्यावर 'श्री' पाहिलंस, तेवढं एक अक्षर तुला लग्नपत्रिकांमुळे ओळखता यायचं, आणि ठरवून टाकलंस. पुण्याहून, मराठीत, 'श्री' घालून आलंय, म्हणजे शुभच असणार. पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना हळद लावलीस, राघवेंद्रस्वामींच्या फोटोपुढे ठेवलंस, आणि इन्स्टिट्यूटमधल्या सगळ्यांना खडीसाखर वाटलीस. मलाही आली. मी खाल्लीही. पोरीला पुण्यात जागा मिळाली असं तू सांगितलंस, मला काय ठाऊक की वाचल्याशिवाय सांगतोयस.

गुरुवारी संध्याकाळी पाकीट घेऊन आलास. पोचण्याची तारीख तेवढी बघून सांग, म्हणालास.

मी वाचलं. कॉलेजनं लिहिलं होतं की अर्जात मूळ राज्य महाराष्ट्र असं नमूद आहे, परंतु पत्ता व शाळा तामिळनाडूतील आहेत. सबब अर्ज परराज्यातील उमेदवारांच्या यादीत वर्ग केला आहे. त्या यादीत एक जागा देता येईल. सोमवारी मूळ कागदपत्रांसह हजर राहावे, न राहिल्यास जागा पुढील उमेदवारास जाईल.

मी गोड करून सांगत नाही, तुला माहीत आहे. तामिळमध्ये शब्दाला शब्द सांगितलं, म्हणजे गैरसमजाला जागा नको. मी दिलेली कॉफी तू टंबलरमधून डबऱ्यात, म्हणजे खालच्या वाटीत, डबऱ्यातून टंबलरमध्ये ओतत राहिलास, थंड होईपर्यंत, आणि तशीच ठेवून गेलास.

आणि त्याच सोमवारी सकाळी मद्रासला आपल्या राज्याचं कौन्सेलिंग. त्या वर्षी सगळ्या कॉलेजांच्या जागा तिथे एका हॉलमध्ये वाटत होते; ज्याचा नंबर येईल त्यानं उठून कॉलेज निवडायचं, चुकला त्याची पाळी गेली. त्याचं कार्ड तू बिनकामाचं म्हणून बाजूला टाकलं होतंस. हरितानं ते उचलून माझ्या गणिताच्या पुस्तकात खूण म्हणून घातलं होतं. पोर हुशार आहे, ते तीन मार्क सोडले तर.

एक सोय होती. पुण्याला जायचं तरी आधी मद्रास. शनिवारी सकाळी आपण तिघं निघालो. मी कशाला, तर वाटेत आणखी काही मराठीत आलं तर वाचायला, असं तूच म्हणालास. छोट्या रुळांची ती गाडी, पापनाशमला इतका वेळ थांबली की तू उतरून इडल्या घेतल्यास, चटणी विसरलास, परत उतरलास. सबंध प्रवासात तू कॉलेजचं नाव काढलं नाहीस. हरिता खिडकीतून कालवे मोजत होती.

मद्रासच्या एग्मोर स्टेशनवर संध्याकाळी सहाला पोचलो. पुण्याची गाडी दुसऱ्या स्टेशनवरून, अडीच तासांनी. तू बाकावर बसलास, ट्रंक पायांत धरलीस आणि म्हणालास, "अक्का, पत्र परत एकदा वाच. आपली माणसं म्हणून एक तरी शब्द असेल बघ."

मी चष्मा पुसून पहिल्यापासून वाचलं. नव्हता. होता तो 'परराज्यातील उमेदवार' एवढाच, दोनदा.

तू मान हलवलीस. तेव्हा हरिता बोलली.

"अप्पा, तिथं गेले तर चार वर्षं मला मद्रासी म्हणतील. इथं निदान रायरची पोर म्हणतात. मज इथंच शिकायचंय."

मराठीत. तीन वाक्यं सलग, इकडे आपल्या मराठी माणसांना म्हणतात तो 'रायर' सोडला तर एकाही तामिळ शब्दाचा टेकू न घेता. तू तिच्याकडे असा पाहत राहिलास की हमालानं दोनदा विचारूनही तुला ऐकू आलं नाही.

"आणि मराठी?" तू विचारलंस. "ती कोण बोलणार?"

"तुमच्याशी भांडायला लागतेच की."

तू हसलास. माझ्यासमोर तू इतका मोठ्यानं हसल्याचं मला आठवत नाही. मग ट्रंक उचललीस आणि रिक्षाकडे चालायला लागलास, पुण्याच्या गाडीची वेळ मोजायची सोडून.

सोमवारी हॉलमध्ये आपला नंबर यायला दुपार झाली. तोवर तू शेजारच्या रांगेतल्या तीन अनोळखी बापांचे अर्ज दुरुस्त केलेस. एकाला तर बोललास, इतक्या घाणेरड्या अक्षरात पोरीचं नाव लिहिताना लाज वाटली नाही का. हरितानं कोइमतूर निवडलं, इलेक्ट्रॉनिक्स. दर रविवारी रात्री आठनंतर, अर्ध्या दरात, ती एसटीडी बूथवरून फोन करायची, आणि तुम्ही दोघं मराठीत भांडायचात. विषय बहुतेक तिच्या जेवणाचा. गल्लीला सगळं ऐकू यायचं.

परत आल्यावर चौथ्या दिवशी तू माझ्याकडे एक टाइप केलेला कागद आणि कोरं इनलँड घेऊन आलास. पुण्याच्या प्रिन्सिपॉलना उत्तर. आलेल्या पत्राला उत्तर न देणं बरं नव्हे, म्हणालास, आणि मराठीत आलेल्याला मराठीतच दिलं पाहिजे. इंग्रजीत तू लिहिलं होतंस की मुलगी येऊ शकत नाही, जागा दुसऱ्याला द्यावी, मूळ राज्याचा रकाना भरताना चूक झाली ती माझी. आणि खाली, आम्ही मराठीच आहोत. आपण कधी तंजावरला आलात तर राजवाड्यामागच्या गल्लीत कोणालाही विचारा, घरी कॉफी घेतल्याशिवाय जाऊ नये.

हे माझ्या हातानं मराठीत लिहून टपालात टाकायचं, एवढंच काम.

मी म्हणाले दिवाळीनंतर. मग म्हणाले पोंगलनंतर. ज्यांनी तुला परका म्हटलं त्यांना कॉफी कशाला, असं माझ्या मनात होतं. ते मी तुला सांगितलं नाही, पहिल्यांदाच काही लपवलं. तू अधूनमधून विचारायचास. मी तुला म्हटलं, दोन महिने ये, अक्षरं शिकवते, स्वतःच लिही. तू म्हणालास, "वाचता यायला लागलं तर तुझ्याकडे यायला कारण कोणतं उरेल, अक्का?"

मग कॉम्प्युटर आले, तुझी मशीनं भंगारात गेली, एक तेवढं राजमनं ठेवून घेतलं. गेल्या मार्गशीर्षात तू गेलास.

ते इनलँड माझ्या संस्कृतच्या डिक्शनरीत आहे, तुझ्या टाइपच्या कागदासकट. वर पुण्याचा पत्ता घातलाय, चांगल्या अक्षरात. आत 'श्री' काढलंय. त्याच्यापुढे काही लिहिलेलं नाही.