मात्तेसची खानदानी बुरशी

तर मग मात्तेसनं उकळत्या पाण्याची किटलीच उचलली आणि तळघरात नेली. त्याच्या बायकोला, हेडीला वाटलं, म्हातारा आता खालीच बसून कॉफी पिणार. कॉफी कुठली. तो तीन झाडांना वाफारा द्यायला निघाला होता, पडसं झालेल्या पोराला देतात तसा.

पण एकदम किटलीपाशी आलो तर काल जे नव्हते त्यांना वाटेल, मात्तेस शॉयरेन वेडा होता. वेडा नव्हता. मोझेल नदीकाठचा द्राक्षवाला होता, आणि ती जात निराळी. त्याचा मळा अशा उतारावर होता की शेळीसुद्धा तिथं विचार करून पाय टाकते. बापानं चमचा नीट धरता यायच्या आधी हातात छाटणीची कात्री दिली, ती तेव्हापासून खिशातून हलली नाही. चर्चमध्येही कोटाच्या खिशात असायची. एकदा दानाची पेटी समोर आली तेव्हा यानं नाण्याऐवजी कात्री बाहेर काढली, आणि पेटी फिरवणारा बिचारा दोन पावलं मागं सरला. लोकांच्या दारातले गुलाब येता-जाता न विचारता छाटायचा. वर त्यांनाच ऐकवायचा, "एवढी फांदी ठेवतात होय? झाडाला श्वास कुठून मिळणार?"

मग गुडघे गेले. उतार दुसऱ्याला कसायला द्यावा लागला. तेव्हापासून मात्तेस स्वयंपाकघराच्या खिडकीत दुर्बीण घेऊन बसू लागला, आणि समोरच्या डोंगरावर कोण कशी छाटणी करतोय यावर दिवसभर बोलू लागला. ऐकायला हेडी एकटीच.

हेडीचं दुखणं आणखी वेगळं. तिला नागीण होऊन गेली होती. गेली खरी, पण जाताना पाठीत डंख ठेवून गेली. पांघरूण अंगाला लागलं तरी आग व्हायची. डॉक्टरच्या गोळ्यांनी दिवसा झोप यायची आणि रात्री टक्क डोळे. त्यातून घराला पायऱ्याच पायऱ्या. तिच्या बहिणीनं ट्रिअर शहरात स्वतःच्या शेजारचा एक फ्लॅट बघून ठेवला होता. लिफ्ट, बाल्कनी, खाली औषधांचं दुकान. फ्लॅटच्या मालकीणबाई लेनर्ट्झ रोज फोन करायच्या.

"मी जाणार," हेडी म्हणाली. "तू ये किंवा दुर्बिणीतून बघत बस."

शहरात मात्तेस म्हणजे पाण्याबाहेरचा मासा. पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यालाही दिसत होती, ती बघायला दुर्बीण लागत नव्हती. तेवढ्यात एव्हाल्ट आला.

एव्हाल्ट हा शेजारी, पूर्वीचा पोस्टमन, आणि मूळचा वरच्या पठारावरचा. नदीकाठच्या माणसाच्या मते पठारावर बटाटे आणि गाई सोडून काही पिकत नाही, अक्कल तर नाहीच. पण बातमी त्यानंच आणली. कायद्यानं आता घरात गांजाची तीन झाडं लावता येतात. त्याच्या पोटमाळ्यावर त्यानं लावलीही होती, आणि त्याची कंबर रात्री गप्प बसायला लागली होती.

"मग तुझ्यातलाच थोडा दे की हिला," मात्तेस म्हणाला.

"देता येत नाही. स्वतःपुरता लावायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. कायदा आहे."

"जन्मभर लोकांची पाकिटं वाटलीस, आणि आता एक पुडी वाटवत नाही?"

"पाकिटांवर पत्ता होता," एव्हाल्ट म्हणाला. बिया मात्र त्यानं गांजा लावणाऱ्यांच्या शहरातल्या रीतसर मंडळातून हेडीच्या नावावर मिळवून दिल्या. बियांना हरकत नव्हती.

हेडीनं टेबलावर हात आपटून करार केला. नाताळाआधीच्या चार रविवारांतला पहिला येईल, चारातली पहिली मेणबत्ती लागेल, तोवर या झाडांतून असं काही निघालं की ज्यानं तिला एक रात्र सलग झोप लागेल, तर घर राहील. नाही निघालं, तर ट्रिअर. मात्तेसनं हात पुढं केला. त्यात कात्री होती, ती त्यानं दुसऱ्या हातात घेतली आणि मग करार झाला.

तळघरात जिथं पूर्वी दारूची पिंपं असायची तिथं एक काळा तंबू उभा राहिला, वर दिवा, बाजूला पंखा, चेनला कुलूप. गांजाचं झाड स्वभावानं हट्टी. एकच शेंडा धरून सरळ वर जातं, सगळं बळ त्या शेंड्यावर उधळतं आणि खालच्या फांद्या सावत्र लेकरांसारख्या उपाशी ठेवतं. तळघराची कमान ठेंगणी, झाड वर गेलं की दिव्याला चिकटून करपायचं. एव्हाल्टची झाडं तशीच वर गेली होती. त्यानं एक पानही तोडलं नाही, दिवा वर वर चढवत नेला, तो शेवटी छपराच्या वाशाला टेकला.

मात्तेसला शिकवायला कुणी नको होतं. झाडांना पानांच्या चार-पाच जोड्या आल्या आणि यानं अंगठ्याच्या नखानं शेंडा खुडला. शेंडा गेला की खालच्या दोन बगलांतले डोळे जागे होतात, एकाचे दोन शेंडे होतात. पण खुडल्यावर तो जखमेखाली बोट धरून बसला. द्राक्षाची वेल वसंतात कापली की रडते, टपटप पाणी गाळते, तेव्हा समजायचं की मूळ जिवंत आहे. इथं टिपूस नाही.

"कापलं तरी रडत नाही," तो वर येऊन म्हणाला. "असल्या झाडाचा भरवसा काय?"

"लग्न झाल्यापासून मी तरी कुठं रडले?" हेडी म्हणाली. "आणि मूळ बघ अजून."

आता वळण द्यायची वेळ. मोझेलच्या उतारावर प्रत्येक वेलीला एकच खांब, आणि तिच्या दोन काड्या दोन बाजूंनी वाकवून खाली बांधतात, बदामाच्या आकारात. बांधायला वाळुंजीच्या झाडाच्या ओल्या काड्या. आणि हे काम दमट हवेतच करायचं. कोरड्या हवेत काडी कट्कन मोडते, ओलसर सकाळी ती सुनेसारखी नमते, असं तिकडचे सासरे म्हणतात. सुनांचं मत कुणी विचारलेलं नाही. त्यामुळं गावात पाऊस पडून गेला की म्हातारे आभाळ बघतात आणि म्हणतात, आज वाकवायचा दिवस.

तळघरात आभाळ नाही. दिव्याची कोरडी धग. मात्तेसनं पहिली फांदी वाकवली ती मोडलीच. तिला त्यानं कापडाची पट्टी बांधली, तिची माफी मागितली आणि किटली आणली. इथं ती किटली येते.

वाफेत झाडं मऊ झाली. त्यानं फांद्या हळूहळू वाकवल्या, बांधल्या, पुन्हा शेंडे खुडले, पुन्हा बांधल्या. महिन्याभरात तंबूत तीन हिरवे बदाम उभे राहिले, सगळे शेंडे एका पातळीवर, सगळ्यांना सारखा उजेड. एव्हाल्ट बघायला आला. दारात उभा राहून त्यानं टोपी काढली.

"हे काय, जत्रेतली केकची हृदयं का? वर साखरेनं 'माझ्या सोनूला' लिहायचं राहिलं."

"तुझी झाडं तारेच्या खांबासारखी वाढलीत, म्हणून बोलतोस."

"माझी झाडं झाडासारखी वाढलीत. तू यांना बायबल शिकायला बसवलंयस."

मात्तेस त्या दिवशी दुर्बिणीकडं फिरकला नाही. खरं तर आठवडाभर फिरकला नव्हता. हेडीच्या ते ध्यानात आलं होतं, पण बोलली नाही. बटाट्याचे घावन तव्यावर टाकता टाकता एकटीच गुणगुणली, तेवढंच.

मग दिव्याचे तास कमी केले, की झाडाला वाटावं शरद आला, आणि तुरे धरायला लागले. पांढरे, चिकट, बोटभर, मग मूठभर. सगळं घर त्या वासानं भरलं. पाववाली बाई हेडीला म्हणाली, "तुमच्याकडं तो घाण वास सोडणारा स्कंक शिरलाय वाटतं." हेडी म्हणाली, "शिरला नाही, नवऱ्यानं पाळलाय."

इथवर गडी पास झाला होता. घात केला तो नदीच्या धुक्यानं. म्हणजे धुक्यानं नाही, अभिमानानं.

मोझेलच्या काठी शरदात सकाळी दाट धुकं असतं, दुपारी ऊन. त्या धुक्यातून एक करडी बुरशी द्राक्षावर बसते, मण्यातलं पाणी शोषून घेते, मणी मनुक्यासारखा आक्रसतो, आणि त्याची जी दारू होते ती मधाला मागं सारते. दुसऱ्या मुलखातले शेतकरी बुरशी बघून डोकं धरतात, इथले टोपी काढतात. तिला म्हणतातच खानदानी बुरशी. मात्तेसच्या आयुष्यात एकच शरद असा आला होता की उतारच्या उतार खानदानी झाला, आणि ते वर्ष तो लग्नाच्या वर्षाच्या आधी सांगायचा.

तर यानं काय करावं? रोज सकाळी तळघराचं बाहेरच्या बाजूचं झाकण उघडून नदीचं धुकं आत घ्यायला सुरुवात केली. पंखा बंद.

"पंखा का रे बंद?" एव्हाल्टनं विचारलं.

"धुक्याला वारा चालत नाही."

"झाडाला चालतो."

"तू बटाट्याचं बघ."

आणि एका सकाळी मात्तेस तळघरातून वर आला तो बारशाला निघाल्यासारखा. त्यानं बुटांचा चिखल पुसला, ही गोष्ट तो फक्त नाताळला करायचा. "हेडी," तो हळू म्हणाला, "आली. समोरच्या दोन्ही झाडांवर, सगळ्यात जाड तुऱ्यांवर. करडी, मऊ, अगदी त्या वर्षीसारखी."

हेडीनं विचारलं, माझ्या झोपेचं काय. तो म्हणाला, "घाई नको. अजून आक्रसू दे. उशिरा काढलेलं सोनं असतं." पहिली मेणबत्ती आठवड्यावर आली होती.

एव्हाल्टला बोलावलं गेलं, मानानं. त्यानं चष्मा लावला, वाकला, सरळ झाला.

"बुरशी आहे," तो म्हणाला.

"बुरशीच आहे. खानदानी."

"मात्तेस, मंडळात पहिल्याच दिवशी सांगतात. बुरशी दिसली की ते फेकायचं. छातीला जातं, पोटाला जातं. हे हेडीला देणार आहेस तू?"

"पठारावरच्या माणसाला बुरशीतलं काय कळतं? तुम्ही ती सालीसकट सोलून टाकता."

"टाकतो. म्हणून जिवंत आहोत."

एव्हाल्ट टोपी घालून निघून गेला. मात्तेस जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिला. वरून हेडी उतरली, एक एक पायरी, पाठीवर हात धरून. पायऱ्यांवरून तिला किती त्रास होतो ते त्याला ऐकूनच कळलं. ती तंबूपाशी उभी राहिली. झाडाकडं तिनं पाहिलं नाही, त्याच्याकडं पाहिलं.

"वास घेतलास?"

मात्तेसनं खिशातली कात्री चाचपली.

"त्या वर्षी तू प्रत्येक घडाला नाक लावत फिरलास. नाकाला माती लागलेली असायची. याला लावलंस का?"

लावलं नव्हतं. बुरशी दिसल्यापासून तो हातभर लांबूनच बघत होता, हे त्याचं त्यालाही आताच कळलं. तो उठला. जाड तुऱ्याला त्यानं नाक टेकवलं. खानदानी बुरशीला मधाचा वास येतो, वाळल्या जर्दाळूचा येतो. ते त्याचं नाक झोपेतही ओळखेल. याला ओल्या पोत्याचा वास होता. तळघराच्या कोपऱ्यात विसरलेल्या, बटाट्याच्या पोत्याचा.

त्यानं आणखी एकदा वास घेतला, न्याय म्हणून. मग खिशातून कात्री काढली आणि समोरची दोन्ही झाडं बुडापासून कापली, स्वतःच्या हातानं वाकवलेल्या फांद्या, स्वतःच बांधलेल्या काड्या, सगळं. गुंडाळून बाहेर टाकलं. हात साबणानं धुतले. तिसरं झाड मागच्या भिंतीला होतं, झाकणापासून लांब, तिथं धुकं पोचलं नव्हतं. त्याचा एक एक तुरा त्यानं उजेडात धरून पाहिला, वास घेतला, हेडीला घ्यायला लावला. मग एक तुरा घेऊन एव्हाल्टच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तूही एकदा वास घे बाबा. माझ्या नाकावर सध्या विश्वास नाही." एव्हाल्टनं वास घेतला, मान हलवली, आणि सफरचंदाची आंबट दारू पुढं केली. दोघांनी उभ्यानंच प्यायली.

वाळवून भरलं ते मुरंब्याची एक बरणी. तीही गळ्याच्या खाली.

मेणबत्तीच्या आदल्या संध्याकाळी हेडीनं त्यातली चिमूट, लोण्यातून केलेल्या बिस्किटात घालून खाल्ली. सकाळी मात्तेस कॉफी करून टेबलाशी बसला होता, पाठ ताठ, निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसा. चर्चची घंटा वाजून गेली. मग जिन्यावर पावलं. हेडी आली, केस विस्कटलेले, एका गालावर उशीची घडी उमटलेली. ती घडी त्यानं कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

"घंटेनं उठवलं मला," ती म्हणाली. "मध्ये काही आठवत नाही."

"मी हरलो पण," मात्तेस म्हणाला. "तीनातली दोन घालवली. बरणी फार दिवस पुरायची नाही. तुला लिफ्ट हवी असेल तर मी येतो. कुरकुर करणार नाही."

"कुरकुर न करणारा नवरा घेऊन मी शहरात काय करू? बहिणीला वाटेल, दुसराच कुणी आणला." तिनं कॉफी ओढून घेतली. "करार एका रात्रीचा होता. रात्र झाली. धुकं आत घेतलंस तर मात्र मीच तुला झाकणातून बाहेर टाकीन."

तेवढ्यात फोन वाजला. लेनर्ट्झबाईच असणार, रविवार असो की सोमवार. हेडीनं फोन उचलला, बोलण्याच्या जागी हात धरला आणि विचारलं, "मात्तेस, फ्लॅट का नको म्हणून सांगू?"

मात्तेस म्हणाला, "सांग, नवरा यंदा नापास झालाय. त्याच वर्गात परत बसायचंय, आणि शाळा तळघरात आहे."