रवंथ करून राहिलं का?

फोनवरच्या आमच्या गटावर कुणी काहीही विचारलं तरी ताईंचं पहिलं उत्तर ठरलेलं असायचं, "रवंथ करून राहिलं का?" गाय लंगडते, म्हशीनं दूध आखडलं, बकरीच्या डोळ्यातून पाणी गळतं, काहीही असो. जनावर रवंथ करत असेल तर थोडा वेळ हातात आहे. नसेल तर फोन बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. पण सवय ती सवय. एका दिवाळीला कुणीतरी पणत्यांचा फोटो टाकून सगळ्यांना शुभेच्छा दिल्या, तर त्याखालीही ताईंनी तेच लिहिलं. लोक दोन दिवस हसत होते. मी म्हटलं, काढून टाकू का? त्या म्हणाल्या, "कायले? हसून राहिले म्हंजे वाचून राहिले."

असे मोठे गट तुम्हीही पाहिले असतील. कुणी कोंबड्याचा फोटो टाकतो, कुणी पुढाऱ्याचा, आणि संध्याकाळपर्यंत चार अनोळखी माणसं एकमेकांचा बाप काढतात. आमचा गट गुराढोरांचा. अकोला, अमरावती आणि आजूबाजूची लाखभर माणसं त्यात होती. तिथली भांडणं आवरण्याचं काम आम्ही तिघं करत होतो. शेतात राखण करतो त्याला आमच्याकडे जागल्या म्हणतात, म्हणून ताई आम्हाला जागले म्हणायच्या.

ताई सरकारी पशुदवाखान्यातून निवृत्त झालेल्या. माहेर बार्शीटाकळीजवळच्या खेड्यातलं, राहायला अकोल्यात. नोकरीत लुनावर पिशवी अडकवून गावोगाव फिरल्या. आमच्या बोलीत बाईमाणूसही "मी सांगतो, मी येतो" असं म्हणतं, त्यामुळे पुण्याकडचे नवे सभासद त्यांना "धन्यवाद सर" लिहायचे. त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही.

माझी ओळखही गटावरचीच. मी चांदूर रेल्वेला शाळेत शिकवते. शेजारच्या लग्नात आमच्या बकरीनं उरलेल्या बुंदीवर ताव मारला आणि तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. सासूबाई तेल पाजायला निघाल्या होत्या. मी घाबरून गटावर लिहिलं आणि दुसऱ्या मिनिटाला ताईंचा फोन आला. तेल पाजू नका, ठसका लागून मरेल. पुढचे पाय ओट्यावर ठेवून उभी करा, डावी कूस चोळत राहा, आणि डॉक्टरला बोलवा. डॉक्टर येईपर्यंत त्या फोनवरून हलल्या नाहीत. बकरी जगली. आठवड्यानं ताईंनी विचारलं, "मास्तरीणबाई, तुमी लेहेता चांगलं. रोजचे दोन घंटे देता का आमाले?" पगार नाही, मान नाही, शिव्या मात्र भरपूर, हेही सांगून टाकलं. तिसरे जागले बडनेऱ्याचे बकऱ्यांचे व्यापारी होते. त्यांना सगळे भाई म्हणायचे.

गटाचे नियम साधे होते. औषधाचा डोस लिहायचा नाही. रोगाला वाटेल तेवढ्या शिव्या द्या, माणसाला देऊ नका. पण ताईंची शिक्षा वेगळी असायची. एका मोठ्या शेतकऱ्यानं एका मेंढपाळाला अडाणी म्हटलं. मी त्याला काढायला निघाले, तर ताईंनी थांबवलं. त्याला फोन केला आणि सांगितलं की माफी मागू नका, त्याच्या मेंढीच्या प्रश्नाचं उत्तर द्या, तुम्हाला येतं. त्यानं दिलं. उत्तर बरोबर होतं.

इंटरनेटवर गट ज्या मोठ्या कंपनीच्या जागेवर चालत होता, तिची यंत्रं आमच्यावर पाळत ठेवून असायची. एकदा सुजलेल्या कासेचा फोटो अश्लील म्हणून उडवला गेला. ताईंनी त्यांच्या तक्रारपेटीत लिहिलं, "ही गाईची कास हाये. तुमी दूध कुठून पेता?" उत्तर आलं नाही, पण फोटो परत आला.

एक दिवस मात्र मला हसता आलं नाही. कुणीतरी ताईंचं आडनाव वाचून लिहिलं की आता हे लोक आम्हाला गाय शिकवणार का. ताई बौद्ध. आडनावावरून ते लगेच कळायचं. भाई आणि मी दोघांनीही ती ओळ काढण्यासाठी बोट उचललं होतं. ताई म्हणाल्या, राहू द्या. आणि तिच्याखाली त्यांनी लिहिलं, "तुमची तांबडी गाय अडली होती तवा तुमच्या मायनं मलेच बोलावलं होतं. कोपरापर्यंत हात घालून वासरू काढलं. तवा आडनाव कोणी इचारलं नाई." त्या माणसानं स्वतःच आपली ओळ काढली. महिन्याभरानं त्याचाच प्रश्न आला, बैल खात नाही म्हणून. ताईंनी नेहमीचं पहिलं वाक्य लिहिलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

मग ती पावडर आली. दूध वाढवायची, रंगीत पाकिटातली. एका कंपनीचा साहेब अकोल्यात ताईंच्या घरी आला. आम्हा दोघांनाही ताईंनी बोलावून घेतलं होतं. साहेब गोड बोलत होता. गट चालवायला कंपनी पैसा देईल, मेळावा भरवेल, तिघांना मानधन देईल. बदल्यात पावडरीची जाहिरात सगळ्यात वर ठेवायची, आणि पावडर खाऊन जनावरं हगवणीनं खंगली अशा ज्या तक्रारी लोकांनी लिहिल्या होत्या, त्या "गैरसमज" म्हणून काढायच्या.

ताईंनी त्याला चहा दिला, तो संपू दिला आणि म्हणाल्या, "साहेब, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या इरुद्ध जीभ वळत नाई. मले जीभ लागते."

साहेब हसत उठला. दारात म्हणाला की बघा, गट काय, आज आहे उद्या नाही.

पंधरा दिवसांत एका सकाळी गट उघडेना. आमच्याविरुद्ध शेकडो तक्रारी गेल्या होत्या, सगळ्या एकाच साच्यातल्या. वर्षानुवर्षांचे प्रश्न, उत्तरं, फोटो, सगळं एका ओळीआड गेलं: हा गट उपलब्ध नाही. तक्रारपेटीत आम्ही दहादा लिहिलं. तिथे माणूसच नव्हता. मी फोनवर रडले. ताई ऐकून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं, "गट बंद झाला. बाजार बंद झाला का?"

पावडरीच्या तक्रारींचे फोटो त्यांनी साहेब गेला त्याच दिवशी काढून ठेवले होते. ते छापून घेऊन त्या बार्शीटाकळीच्या आठवडी बाजारात गेल्या. भाई आणि मी सोबत. त्याच बाजारात पावडरीच्या विक्रेत्याचं दुकान लागलं होतं. ताईंनी समोर खुर्ची टाकली. विक्रेता म्हणाला, बाई, इथं धंदा चालू आहे, उठा. ताई म्हणाल्या, "तुमी इका. मी वाचतो."

आणि वाचायला लागल्या. गावाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, गाय की बकरी, किती दिवस पावडर दिली, काय झालं. आवाज चढवला नाही. लोक जमले. पहिली तक्रार संपली तेव्हा त्यांनी विचारलं, "हे ज्यानं लेहेलं तो हाये का इथं?"

कुणी पुढे आलं नाही. मला माहीत होतं की विक्रेत्यानं बऱ्याच जणांना फोन करून दम दिला होता. ताईंनी दुसरा कागद उचलला, वाचला, पुन्हा तेच विचारलं.

मागून एक म्हातारी पुढे आली. हातात दावं, दाव्याला बकरी. "मी हावो," ती म्हणाली. "लेकीच्या फोनवरून मीच लेहेलं. ह्या बकरीची जोडीदारीण मेली."

मग एक माणूस उभा राहिला, मग दुसरा. जे एकमेकांना केवळ गटावरच्या नावानं ओळखत होते, ते तोंडानं ओळखू लागले. "म्हशीवाले रामभाऊ तुमीच का" असं चाललं होतं. पहिल्या तक्रारीचा मालकही सर्वांत शेवटी आला, मान खाली घालून. ताईंनी त्याला सहीसाठी पेन दिलं. पावडर तपासा म्हणणारे, त्या सह्यांचे अर्ज ताईंनी स्वतः नेऊन सरकारी दफ्तरात दिले आणि पावती मिळेपर्यंत बाकावरून उठल्या नाहीत. पावडरीचे नमुने तपासायला गेले. अहवाल यायला फार उशीर लागला, आणि तो काय सांगतो हे आम्हाला कुणी नीट सांगितलं नाही. पण आमच्या भागात ती पावडर पुन्हा दिसली नाही.

जुना गट परत मिळाला नाही. ताईंनी दुसरीकडे नवा उघडला. लहान होता, पण प्रत्येकाला आत घेण्याआधी त्या फोन करून गाव आणि जनावर विचारायच्या.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. दुपारी जेवून पडल्या, उठल्या नाहीत. अंत्ययात्रेला आलेल्यांत अर्धी माणसं नातलगांनी कधी पाहिलेली नव्हती. ती आपापल्या गावाचं नाव सांगून ओळख देत होती.

महिन्यानं त्यांच्या मुलीनं मला अकोल्याला बोलावलं. ताईंच्या नावानं एका वकिलाचं रजिस्टर पत्र आलं होतं. दुसरी कंपनी, दुसरं औषध. गटावरचा त्याबद्दलचा मजकूर सात दिवसांत काढा, नाहीतर पुढची कारवाई होईल. मुलीनं विचारलं, मावशी, त्यांना कळवू का की आई आता नाही?

मी भाईंना फोन लावला. ते बडनेऱ्याहून मिळेल त्या गाडीनं आले. ताईंच्याच टेबलावर बसून मी उत्तर लिहिलं आणि भाईंना वाचून दाखवलं. ताई वारल्या आहेत. मजकूर आम्ही वाचला आहे, तो खरा आहे, आम्ही तो काढणार नाही. यापुढची पत्रं खालील दोन पत्त्यांवर पाठवावीत.

भाईंनी चष्मा पुसला, सही केली आणि म्हणाले, "मॅडम, माह्या पत्त्यात घर नंबर राहिला. तो टाका. त्यायले शोधत बसा लागू नये."